तेलाचा सातबारा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय: पाकिटावर पामतेलाचं मूळ ठिकाण छापण्याबाबत



परवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून शेवेचं पाकीट आणलं. मागची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचली: बेसन, खाद्य वनस्पती तेल, कंसात पामोलीन, मीठ, मसाले. तेल कुठलं ते कळावं म्हणून पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली. "मॅडम, आपलं तेल एकदम शुद्ध असतं." म्हटलं, "शुद्धच असेल गं, पण आलं कुठून?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "गोडाउनमधून."

तिचं काही चुकलं नाही. तेलाची जात पाकिटावर लिहायची सक्ती तुमच्या नियमांनी केली आहे, तेलाचं गाव लिहायची नाही. हे पत्र त्या गावाबद्दल आहे.

बोर्निओ बेटावर मलेशियाचं सारावाक राज्य आहे. तिथल्या मिरी शहरात २१ जून २०१६ च्या सकाळी एक पिकअप गाडी सिग्नलला थांबली होती. आत बिल कायोंग होते. त्यांना तिथंच गोळ्या घातल्या गेल्या. दायाक या तिथल्या आदिवासी लोकांच्या जमीनहक्कांसाठी झटणारा हा कार्यकर्ता पामच्या मळ्याशी वाद चाललेल्या, दायाकांपैकीच असलेल्या इबान गावकऱ्यांच्या पाठीशी उभा होता. पुढे न्यायालयानं एका आरोपीला दोषी ठरवलं.

इबानांचं गाव म्हणजे एकच लांबलचक घर. एका छपराखाली ओळीनं कुटुंबांच्या खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक ओसरी. गावाच्या शिवाराला ते 'पेमाकाई मेनोआ' म्हणतात. त्यात भाताची शेतं असतात, पडीक टाकलेली जमीन असते आणि 'पुलाउ गालाउ' हे मुद्दाम राखलेलं रानही असतं. घराला लाकूड, टोपल्यांना वेत, हंडीत शिकार, सगळं त्या रानातलं. आता तिथला जमीन कायदा काय विचारतो ते बघा: १ जानेवारी १९५८ पूर्वी तुम्ही इथलं जंगल तोडून शेती केली होती का? केली असेल तर हक्क सांगा. डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियाच्या फेडरल न्यायालयानं निकाल दिला की शिवार आणि राखीव रान यांच्यावरचा पारंपरिक हक्क कायद्यात बसत नाही. म्हणजे ज्यानं झाड तोडलं त्याला जमीन, आणि ज्यानं राखलं तो उपरा. २०१८ मध्ये तो हक्क मान्य करणारी दुरुस्ती कायद्यात झाली, पण तीही हेक्टरांची मर्यादा घालूनच.

जमिनीच्या कागदापायी माणसं मरतात ती फक्त सारावाकमध्ये नाही. पेरूच्या ॲमेझॉनमधल्या सावेतो गावचे, अशानिन्का या आदिवासी समाजाचे नेते एडविन चोटा चोरटी लाकूडतोड अडवत होते आणि गावाच्या जमिनीची सनद मागत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये तीन सोबत्यांसह त्यांना मारलं गेलं. सनद २०१५ मध्ये आली. 'ग्लोबल विटनेस' या संस्थेनं २०१२ ते २०२३ या काळात जमीन आणि निसर्ग राखताना मारल्या गेलेल्या २,१०० हून अधिक माणसांची नोंद केली आहे. त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक आदिवासी आहेत.

यात आपला संबंध काय, असं कुणी विचारील. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला आहे. गेल्या काही वर्षांत ही आयात वर्षाला साधारण ७५ ते १०० लाख टन राहिली आहे, आणि त्यातलं बहुतेक तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. २०२२ च्या दिवाळीला महाराष्ट्र सरकारनं रेशनकार्डावर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. बिस्किटात, फरसाणात, आंघोळीच्या साबणात ते आहेच. माझ्या शेवेतलं तेल कायोंग यांच्या भागातलं होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असंही मला म्हणता येत नाही, आणि तक्रार नेमकी तीच आहे.

पामतेल टाकूनच द्या, असं सांगणं सोपं आहे. पण तेवढंच तेल सोयाबीनपासून काढायचं तर कित्येक पट जमीन लागेल, म्हणजे दुसरीकडचं रान जाईल. शिवाय पामवर पोट भरणारे लहान शेतकरीही आहेत, त्यांत इबानही आहेत. बहिष्काराची कुऱ्हाड त्यांच्यावरच आधी पडेल. म्हणून मागणी एवढीच की तेलाचा सातबारा दाखवा. कोणत्या देशातलं, कोणत्या गिरणीतलं, आणि ती जमीन कुणाच्या संमतीनं घेतली.

हे अशक्य नाही. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी २०१८ पासून आपल्या पामगिरण्यांच्या याद्या जाहीर केल्या आहेत. युरोपीय संघानं २०२३ मध्ये कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं पामतेल विकता येणार नाही आणि शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. त्याची अंमलबजावणी रेंगाळली आहे हे खरं. पण गिरणीपर्यंतचा माग काढता येतो, हे धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र परदेशी तेलात इथं शेव तळली की शेव भारतीय होते आणि तेलाची चौकशी संपते.

हा विषय आमच्या कक्षेतला नाही, असं उत्तर येईल. मग तो हिरवा ठिपका आठवा. शाकाहारी की मांसाहारी, हा काही सुरक्षिततेचा प्रश्न नव्हे. खाणाऱ्याला आपल्या मनाप्रमाणे निवडता यावं म्हणून तो ठिपका आला. तुमच्या २००६ च्या कायद्याचं कलम १८ही ग्राहकाला जाणून-समजून निवड करता यावी असंच सांगतं. त्याच २००६ साली या देशात वनहक्क कायदा झाला, आणि त्याच्या जोरावर २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. रान राखणाऱ्याचा हक्क आपण आपल्या घरात मान्य केला आहे. ताटात येणाऱ्या तेलालाही तोच न्याय लावा.

तोवर आम्ही ग्राहक आमचं काम करू. बारीक अक्षरं वाचू, फोन लावू, दर दिवाळीला तोच प्रश्न विचारू. एका फोननं काही होत नाही. पण हजारजणांनी विचारलं तर कंपनीला त्या मुलीच्या हाती काहीतरी लिहून द्यावंच लागेल. ते गोडाउनच्या पलीकडचं असावं, एवढं तुम्ही करू शकता.

कळावे,

आपली,
शेव खाणारी एक ग्राहक
पुणे