ध्रुवावरचा बर्फ आणि खानदेशातला कापूस

सप्टेंबर सरता सरता जळगाव-धुळ्याच्या शिवारात कापसाची बोंडे फुटू लागतात. नेमक्या याच वेळी पावसाने झोडपले, की वेचणीला आलेला कापूस भिजतो, बोंडे सडतात आणि हंगामभराची मेहनत मातीमोल होते. या उशिराच्या पावसाचा आर्क्टिक महासागरातील बर्फाशी संबंध असू शकतो, असे सांगितले तर शेतकऱ्याला ती थट्टाच वाटेल. परंतु गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हीच शक्यता मांडली. रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ घटला, की उघड्या पाण्यातील उष्णता वातावरणात जाते. त्यामुळे वरच्या थरांतील वाऱ्यांची घडी बदलते. त्याला तापलेल्या अरबी समुद्रातील बाष्पाची जोड मिळाल्यास मध्य भारतात मोसमाच्या अखेरीस अतिवृष्टीस अनुकूल स्थिती तयार होते.

बर्फावरून पाऊस ताडण्याची कल्पना जुनीच. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात हिमालयातील बर्फाचा आधार घेतला होता. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपातही हिमाच्छादनाला स्थान होते. त्याच प्रारूपाला २००२चा दुष्काळ मात्र हेरता आला नाही. आकडेवारीतील नाते कायम टिकतेच असे नाही, हा त्याचा धडा.

समुद्री बर्फाच्या नोंदी १९७९पासून उपग्रहांद्वारे सलग मिळतात. सूक्ष्मलहरींमुळे ढगांआडून आणि ध्रुवीय रात्रीतही बर्फ व पाणी वेगळे ओळखता येते. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकवरील बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसल्याचे त्यातूनच कळले. परंतु उन्हाळ्यात बर्फावर साचलेली तळी उपग्रहाला चकवतात, बर्फाची जाडी मोजणेही कठीण होते. साहजिकच काही महिने आधीचे भाकीत डळमळते.

भारताने २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे केंद्र उभारले, २०१४ मध्ये तेथील फ्योर्डमध्ये निरीक्षणयंत्रणा सोडली, तर २०२२ मध्ये आर्क्टिक धोरण जाहीर केले. आता या संशोधनाचा लाभ हवामान खात्याच्या चार आठवड्यांच्या अंदाजाला कसा होईल, हे पाहिले पाहिजे. कारा समुद्रातील बर्फ अमळनेर किंवा शिरपूर तालुक्याचा पाऊस सांगणार नाही. फार तर मोठ्या प्रदेशावरील धोका वाढल्याचा इशारा देईल. तो इशारा अनेक हंगाम पारखून, शक्यतेच्या भाषेत आणि वेचणीपूर्वी शेतकऱ्यापर्यंत पोहोचला, तरच ध्रुवावरच्या खर्चाचे चीज झाले असे खानदेश म्हणेल.