मळी

परवा आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "दिवाळीत आले होते तेव्हा विचारायचं राहिलं बघ. तुझ्या माशांच्या टाकीखाली त्या नळकांड्याच्या डोक्यावर काळ्या चहासारखं काय साठलं होतं गं? काय तो वास!"

"आत्या, ती मळी," मी म्हटलं.

आणि गंमत म्हणजे तिला लगेच कळलं. राहुरीकडच्या माणसाला मळी समजावून सांगावी लागत नाही. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस तापायला लागला की त्यात ठेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी घालतात. रसातली घाण त्याला धरून वर येते आणि गुळव्या ती काढत राहतो. मळी नीट निघाली तर गूळ पिवळाधमक, नाहीतर काळपट.

माझ्या टाकीखालचं नळकांडं, म्हणजे प्रोटीन स्किमर, हेच काम करतं. फक्त चुलवाणाऐवजी हवा. त्याचा पंप हवा ओढून पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर यांतून जे काही पाण्यात विरघळतं, त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचं वावडं असतं. असे रेणू बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन मानेतून वर चढतात आणि वरच्या कपात पडतात. गोड्या पाण्यात हे फारसं जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो ना, तो याच जातीचा.

आता माझं मत. समुद्री मासे पाळणारे बरेच जण म्हणतात, नुसते मासे असतील तर स्किमर हवा कशाला? ते प्रवाळवाल्यांचं खूळ. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे घरी पाळायचा प्रश्नच नाही. मग दर आठवड्याला थोडं जास्त पाणी बदला, झालं! किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे म्हणणं सोपं आहे. नगरला बसून मला ते पटत नाही.

हिशोब सांगते. माझी टाकी २०० लिटरची. स्किमर नीट चालत असला की आठवड्याला २० लिटर पाणी बदलून भागतं. तो रुसला की नायट्रेट आटोक्यात ठेवायला ४० लिटर बदलावं लागतं. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणजे तो घरी बनवायचा. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. आणि घरचं आरओ यंत्र एक लिटर चांगलं पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकतं. म्हणजे २० लिटरसाठी नळाचं ८० लिटर, ४० लिटरसाठी १६०. बाहेर टाकलेल्या पाण्याने मी फरशी पुसते, संडासात वापरते, पण नळाचं पाणी खर्ची पडलं ते पडलंच. हे पाणी मुळा धरणातून येतं आणि याच जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत. हौसेसाठी आठवड्याला ८० लिटर जास्त उडवायला मला लाज वाटते. घाण सडून तिचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्याआधीच स्किमर ती उचलतो, म्हणून पाणी वाचतं. बरं, जे नायट्रेट एकदा झालं ते तो काढू शकत नाही. म्हणून त्याने रोज काम करायला हवं.

पण तो नीट ठेवला तर! इथे माझीच चूक कबूल करायची आहे.

गेल्या मे महिन्यात फेस एकाएकी कमी झाला. कप दोन दिवस कोरडा. मी काय करावं? बाहेर जाणाऱ्या पाण्याची चकती पिळून आतली पातळी वाढवली. फेस नाही. अजून पिळली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, ती तीन तास. वीज गेली की वरच्या टाकीतलं थोडं पाणी खालच्या टाकीत उतरतं आणि तिथली पातळी वाढते. रात्री वीज आली, स्किमर त्या वाढलेल्या पाण्यात सुरू झाला, आधीच पिळून ठेवलेला, आणि भरभरून वाहिला. कपात आधीची जी मळी होती ती सगळी परत पाण्यात. आम्ही गाढ झोपेत.

सकाळी दोन क्लाउन माशांपैकी एक तळाशी पडला होता. दुसरा वर येऊन धापा टाकत होता. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, त्यात ती मळी सडताना उरलासुरला खाऊन टाकते. लेकाने काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मूळ बिघाड काय होता? हवेच्या नळीच्या तोंडाशी चिमूटभर मीठ जमलं होतं. नळीतून अर्धा कप कोमट पाणी ओतलं आणि अर्ध्या मिनिटात बुडबुडे सुरू.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की स्किमरचे निम्म्याहून जास्त आजार पिळण्यातून होतात. फेस कमी झाला तर चकतीला हात लावू नका. आधी हवेची नळी बघा. मग मान पुसा, कारण तिथे चिकट थर बसला की फेस चढत नाही. मग खालच्या टाकीतलं पाणी नेहमीच्या खुणेला आहे का ते बघा. उन्हाळ्यात ते रोज आटतं, त्यात साधं आरओचं पाणी घालायचं, मीठ उडून जात नाही. तेलकट खाणं घातलं किंवा हाताला क्रीम लावून टाकीत हात घातला तर फेस काही तास बसतो. आपोआप येतो, थांबा. नवा स्किमर तर आठवडा-दोन आठवडे लहरीच असतो. उलट फेस आवरेनासा झाला तर नवीन सिलिकॉन, पाण्यात घातलेलं एखादं औषध किंवा कुठे दगडामागे मेलेला जीव शोधा. काहीही बदल केला तर एकच करा आणि एक दिवस वाट बघा.

बाकी निगा म्हणजे दर तीन दिवसांनी कप आणि मान साध्या पाण्याने धुणे (साबण अजिबात नको) आणि दोन-तीन महिन्यांनी पंपाची फिरकी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून घासणे. आता वीज गेली की मी स्किमरचा प्लगच काढते आणि वीज आल्यावर पाणी खुणेला आलं की लावते. घरी कोणी नसेल तर बाहेर जाताना कप रिकामा करून जाते.

हिवरे बाजार आमच्याच तालुक्यातलं. तिथे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. टँकर बघितलेल्या जिल्ह्यात घरात समुद्र ठेवायचा तर एवढा ताळेबंद आपणही मांडावा. आठवड्यातून दोनदा वासाचा कप धुवायची तयारी नसेल त्याने नगरला समुद्री मासे आणूच नयेत. गोल्डफिशही छान दिसतात. ज्यांना आणायचेच आहेत त्यांनी पैदास केलेले मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास आपल्याकडे जमवून दाखवली आहे. उरलेल्या माशाला जोडीदार आणताना मी तेच केलं.

असो. आत्याने शेवटी विचारलं, "मग त्या मळीचं करतेस काय? कढीपत्त्याला घालत जा की."

"खारट आहे गं, मरेल तो."

"मग कसली मळी ती," म्हणाली आणि फोन ठेवला. :)