विहारात पर्यावरणाचा माहितीपट लावताना

५ जूनच्या पर्यावरण दिनी विहारात माहितीपट लावणाऱ्या युवकांचे आम्ही स्वागत करतो. पण पडद्यावर फक्त वाघ आणि वितळणारा बर्फच दिसणार असेल, तर गटारात उतरणारा आपला माणूस पर्यावरणाच्या बाहेरच राहतो. पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर विचारला. माहितीपट निवडताना आम्ही हीच कसोटी लावतो.

दिव्या भारती यांचा तमिळ माहितीपट 'कक्कूस' (२०१७) सफाई कामगारांचे मृत्यू आणि जात यांचे नाते उघडे करतो. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५) धरणग्रस्तांची बाजू मांडतो. शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स'मध्ये (२०२२) दिल्लीच्या विषारी हवेत जखमी घारींना वाचवणारे दोन मुस्लिम भाऊ भेटतात. करुणा म्हणजे काय, हे तिथे प्रवचनाशिवाय कळते.

दाखवण्याआधी निर्मात्यांची परवानगी घ्या. भाषा परकी असेल तर मध्ये थांबवून मराठीत सांगा. नंतर अर्धा तास चर्चेला ठेवा आणि पहिले बोलणे वस्तीतल्या सफाई कामगार मायबहिणींचे असू द्या. साहेबांची भाषणे त्यानंतर.