बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा

शहाडच्या पुलावरून मुरबाडकडे जाणाऱ्या गाड्या मी रोज पाहतो. म्हारळ, वरप, कांबा करत कोणी शेतावर निघालेला असतो, कोणी भाजी भरून येत असतो, आणि पावसाळ्यात तर घरची सगळी मंडळी गाडीत बसवून माळशेजची वाट धरतात. यातल्या कितीतरी गाड्या दहा-बारा वर्षांच्या, चार हातांतून गेलेल्या. त्या चालवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरेन्शिअल किंवा एक्सलचं काम काढाल, तेव्हा बोल्ट कोणता बसतोय ते स्वतः पाहा.

मी पाहिलं नव्हतं. माझ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट क्रॉस बदलायला उतरवला होता. परत चढवताना चारातला एक बोल्ट सापडेना. मेकॅनिकने डब्यातून त्याच जाडीचा, तेवढ्याच लांबीचा, नवाकोरा चकचकीत बोल्ट काढला. आटे जुळले, पाना बसला, मी पैसे देऊन निघालो. पंधरा दिवसांनी टोकावड्याच्या पुढे गाडीखालून खडखड सुरू झाली. थांबून वाकून पाहिलं. नव्या बोल्टचा नटाकडचा तुकडा तुटून पडला होता, उरलेले तीन हलत होते. तुटक्याच्या डोक्यावर 4.8 असं कोरलेलं होतं. बाकी तिघांवर 10.9.

हा आकडा म्हणजे बोल्टची ताकद. भारतीय मानक आयएस 1367 मध्येही ती याच पद्धतीने सांगितली आहे. टिंबाच्या डावीकडचा आकडा बोल्ट किती ताणावर तुटेल ते सांगतो: 4.8 चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला साधारण 40 किलोवर, 8.8 चा 80 किलोवर, 10.9 चा 100 किलोवर. उजवीकडचा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती भागापर्यंत ताणला तर बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येतो. 10.9 मध्ये हा भाग 90 टक्के, 8.8 मध्ये 80 टक्के.

शाफ्टच्या जोडाला इतकी ताकद कशाला लागते? घट्ट आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणलेला असतो आणि जोडाच्या दोन फ्लँज, म्हणजे भोकं असलेल्या चकत्या, एकमेकींवर दाबून धरतो. इंजिनाचा जोर त्या दाबातून, घर्षणातून पुढे जातो. पहिल्या गिअरमध्ये हा जोर साडेतीन-चार पट होऊन शाफ्टवर येतो. कमी ताकदीचा बोल्ट 10.9 इतका आवळला, तर तो कायमचा ताणला जातो आणि त्याची पकड सुटते. मग फ्लँज सरकू लागतात, बोल्ट दर धक्क्याला पुढे-मागे वाकतो आणि एक दिवस तुटतो. त्याच्या वाटचा भार बाकीच्या तिघांवर पडतो. शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर धरता येत नाही, आणि त्याचं पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

डोळ्यांनी केलेली जुळवणी किती महागात पडते, हे एका विमानाच्या हकिकतीतून कळतं. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि हवेत असताना पायलटसमोरची काच उडाली. पायलट अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, विमान सुखरूप उतरलं आणि तोही वाचला. ती काच आदल्याच दिवशी बदललेली होती. तिच्या 90 बोल्टपैकी 84 बारीक होते, 6 आखूड. जुना बोल्ट समोर धरून नवे निवडले होते. आणि तो जुना बोल्टही मुळात चुकीचाच होता. तुमच्या गाडीत आज असलेला बोल्टही आधी कोणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो. म्हणून आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी किंवा पार्ट नंबरशी ताडून घ्या.

बोल्ट घेताना एवढं सांभाळा. जाडीबरोबर आट्यांचं अंतरही विचारा. 10 मिलिमीटरचा बोल्ट 1.5 च्या आट्यांत मिळतो आणि 1.25 च्या फाइन आट्यांतही. नट हाताने सहज फिरला पाहिजे; अडकला तर पान्याने रेटू नका. 10.9 च्या बोल्टला 10 नंबरचाच नट लावा. स्टेनलेसच्या चकाकीला भुलू नका. त्यावर ए2-70 लिहिलेलं असेल तर तो 8.8 पेक्षा कमजोर आहे. सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त, म्हणजे 12.9 बसवला की काम अधिक पक्कं होतं, हाही गैरसमज आहे. इतक्या कडक पोलादावर जस्ताचा मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरला, तर आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तडकू शकतो. डोक्यावर आकडा आणि बनवणाऱ्याची खूण नसलेला बोल्ट या कामाला घेऊच नका.

कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट आणि नायलॉनचे नट नवेच घाला. आवळायला टॉर्क पाना वापरा आणि माप मॅन्युअलमधून घ्या. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढा. पुढे कधी ती रेघ जुळेनाशी दिसली, तर बोल्ट फिरला आहे.

गॅरेजवाल्या बंधूंनो, तुमच्या हाताखालून रोज किती कुटुंबांच्या गाड्या जातात. उतरवलेले बोल्ट एका पिशवीत ठेवा, त्यावर जोडाचं नाव लिहा. सुट्या बोल्टचा डबा निवडून काढा आणि आकडा नसलेले बोल्ट बाजूला करा.

आणि गाडीमालकांनो, योग्य बोल्ट इथे मिळाला नाही तर कंपनीकडून मागवा, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन नट-बोल्टच्या दुकानांत शोधा. दोन दिवस लागले तर गाडी दोन दिवस उभी राहू द्या. मेकॅनिकला घाई करू नका. माझ्या गाडीच्या वेळी ती घाई मीच केली होती.