दंडधारण आणि चाकांचा वॉकर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात स्वस्थवृत्त सांगताना दंडधारणाचा आवर्जून उल्लेख आला आहे. काठी ही अडखळणाऱ्यास आधार देणारी, भय दूर करणारी व आयुष्यास हितकर मानली आहे. चालण्याचे साधन हा आपल्या शास्त्रास परका विषय नाही. तथापि औषधाच्या मात्रेचा काटेकोर विचार करणारे आपल्यातील अनेक वैद्य वॉकरच्या बाबतीत मात्र ‘दुकानातून एक घेऊन या’ एवढेच सांगून थांबतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

चार चाके, हातब्रेक व बैठक असलेला वॉकर, अर्थात रोलेटर, स्वीडनमधील आयना विफाल्क यांनी १९७८ मध्ये सिद्ध केला. पोलिओमुळे चालण्याची अडचण त्यांनी स्वतः सोसली होती. चालता येते, परंतु लवकर थकवा येतो, अशा वृद्धांस तो उपकारक आहे. ज्यांना शरीराचा भार हातांवर टाकावा लागतो त्यांच्या हातून मात्र तो पुढे निसटतो. त्यांस बिनचाकी किंवा पुढे दोनच चाके असलेला वॉकर प्रशस्त. कंपवातात पावले आपोआप वेग घेतात. स्मृतिभ्रंशात ब्रेकचे भान राहत नाही. अशा रुग्णांस मोकळ्या चाकांचे साधन परीक्षणाविना देणे आम्हांस धोक्याचे वाटते.

मापही तितकेच महत्त्वाचे. रुग्ण ताठ उभा राहून हात सैल सोडील, तेव्हा मूठ त्याच्या मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर असावी. बैठकीवर टेकण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावण्याचा सराव करवून घ्यावा. घरातील उंबरठा, ओली मोरी व सरकणारी सतरंजी यांचीही चौकशी व्हावी.

२०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांस साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. हा पैसा चुकीच्या साधनावर खर्ची पडला, तर वॉकर माळ्यावर जातो आणि वृद्ध पुन्हा भिंत धरून चालू लागतो.

यास्तव औषधी दुकानदार बंधूंस आमची विनंती आहे की, रुग्णाची उंची व व्याधी विचारल्यावाचून वॉकर विकू नये. वैद्यांनी प्रथम तोल जाण्याचे कारण शोधावे. दृष्टी, उठताना उतरणारा रक्तदाब, झोपेची औषधे व स्नायूंचे बल तपासावे, आवश्यक तेथे भौतिकोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. आणि त्यानंतर साधनाचा प्रकार व उंची चिठ्ठीवर औषधाप्रमाणेच स्पष्ट लिहावी. जराचिकित्सा हे अष्टांगांपैकी एक अंग आहे. वृद्धाचे पडणे टाळणे हे त्या अंगाचेच कार्य होय.