पोर्चमधली जुनी गाडी : विकायची, बदलायची की जपायची?

या वेळचा विषय जरा पेट्रोलच्या वासाचा आहे, पण मुळात तो घरातल्या वाटणीचा आहे.

टी. नगर १९२० च्या दशकात वसलं. पुढे पोर्च, बाजूला मोटारीपुरती जागा अशी बैठी घरं इथे पुष्कळ होती. आता ती एकामागून एक पाडली जातात आणि तिथे फ्लॅट उभे राहतात. मुंबईत दादर-माटुंगा घ्या, पुण्यात प्रभात रोड घ्या, गोष्ट तीच. बिल्डरशी करार होतो, सामान हलवायची तारीख ठरते आणि मग कुणीतरी विचारतं, ‘‘आजोबांच्या गाडीचं काय करायचं?’’ कव्हरखाली सत्तरच्या दशकातली हेराल्ड नाहीतर फियाट असते. एक काका म्हणतात, भंगारात द्या. दुसरे म्हणतात, अशा गाड्यांना आता लाखो रुपये मिळतात. नातू म्हणतो, ‘‘मला द्या, मी मस्त मॉडिफाय करतो.’’ आजी काहीच बोलत नाही.

या तिघांपैकी कुणाचं ऐकावं, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून आजचा लेख.

आपल्या घरातली युरोपियन

‘क्लासिक युरोपियन कार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मर्सिडीज येते. दूतावासांनी वापरलेल्या काही परदेशी गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यातून एखादी कुणाच्या दारात यायचीही. पण बाकीच्यांच्या नशिबी तीनच गाड्या होत्या, आणि तिन्हींचं माहेर युरोपातलं. अँबॅसिडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. प्रीमियरची फियाट म्हणजे इटलीची ११००. आणि स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, जिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने काढला होता.

चेन्नईकरांना हेराल्ड जवळची, कारण ती बनायचीच इथे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ती काढली. पुढे चार दारांची हेराल्ड आली. ती फक्त आपल्याकडेच निघाली, ब्रिटनमधल्या ट्रायम्फने तशी कधी काढली नाही. १९७२ मध्ये तिच्यातूनच ‘गॅझेल’ झाली आणि १९७७ पर्यंत चालली.

फियाट मराठी माणसाला जास्त ओळखीची. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच आधी ‘प्रेसिडेंट’ व मग ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला घराघरात नेलं. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

पन्नाशीचं महत्त्व

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट एकच, पण मोठी : गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही.

गणित करून पाहा. १९७२ ची गॅझेल पन्नाशी ओलांडून गेली. १९७५ च्या पद्मिनीने २०२५ मध्ये पन्नाशी गाठली. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या गाड्या नेमक्या आत्ता, वर्षाला एक अशा हिशेबाने, या नियमाच्या उंबरठ्यावर येत आहेत. अशा वेळी नातवाने हौसेने जपानी डिझेल इंजिन बसवलं, तर पन्नास वर्षं जपलेला हक्क एका आठवड्यात जातो.

नव्या विंटेज नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे, ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार लागतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो; नव्याने नोंदवायची असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. आजोबांचा तो तीन अक्षरं आणि चार आकड्यांचा नंबर राहू शकतो, ही अनेक घरांना पैशांपेक्षा मोठी गोष्ट वाटेल.

पण याला दुसरी बाजू आहे. विंटेज नोंदलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारी सकाळी आजीला पनगल पार्कला चक्कर मारून आणायची असेल, तर साधी नोंदणीच बरी. तिचं पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं आणि ते शुल्क गेल्या काही वर्षांत बरंच वाढलं आहे. म्हणून आधी घरात बसून ठरवा : गाडी चालवायची आहे, की ठेवायची आहे?

बदल करायचे तर कुठपर्यंत?

साध्या नोंदणीच्या गाडीतही मनाला येईल ते करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ आराखड्याशी न जुळणारा बदल करायला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते.

माझा साधा नियम असा : जे बोल्ट काढून पूर्ववत करता येतं ते करावं, जे करवतीने कापावं लागतं ते करू नये.

सीट बेल्ट, चांगले रेडियल टायर, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चेन्नईच्या उन्हासाठी रेडिएटरला विजेवरचा पंखा, हे सगळं करता येतं आणि काढताही येतं. काढलेला प्रत्येक भाग मात्र खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. ते खोकं गाडीबरोबर विकलं जातं आणि किमतीत धरलं जातं. छत कापून सनरूफ, रुंद चाकांसाठी कापलेला मडगार्ड, स्टीअरिंगखालचा गिअर काढून जमिनीवर आणलेला, हे मात्र परत जोडताना मूळचं राहत नाही.

काही बदल तर गरजेचेच आहेत. आपल्या देशात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. ही इंजिनं शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली पॅकिंगं इथेनॉलने खराब होतात, आणि गळती म्हणजे आगीला आमंत्रण. त्या नळ्या आधी बदला, रंगाचं नंतर बघू. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

युरोपातही विचार असाच आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, ‘फिव्हा’, नव्याने चकचकीत करण्यापेक्षा आहे ते जपण्याला अधिक मान देते. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या गाडीला खास नंबरप्लेट मिळते, पण गाडी मूळच्या रूपात असेल तरच. जुनेपणाचं मोल सगळीकडे मूळपणावर ठरतं.

किंमत कशी ठरते?

आता दुसऱ्या काकांचे ‘लाखो रुपये’. जाहिरातीत लिहिलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, हे पहिलं लक्षात ठेवा.

दुसरं, दुर्मीळ म्हणजे महाग असंही नाही. गॅझेल पद्मिनीपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. पण तिची कंपनी बंद पडून काही दशकं झाली, भाग शोधत फिरावं लागतं, म्हणून घेणाराही दहादा विचार करतो. पद्मिनी २००० च्या सुमारापर्यंत बनत होती. तिचे भाग कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये शोधले तर सापडतात आणि तिचा कान ओळखणारे मिस्त्रीही अजून आहेत. ती सांभाळायला सोपी, पण गाड्या पुष्कळ असल्याने भाव बेताचा.

तिसरं, गंज. चेन्नई असो की मुंबई, खारी हवा पत्रा खाते. हेराल्डला वेगळी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टने जोडलेली आहे. बॉडीचे भाग सुटे करता येतात, बॉनेट तर पुढच्या मडगार्डांसकट उघडतं. त्यामुळे आधी खाली वाकून चासी पाहायची. फियाटला वेगळी चासी नाही, तिची बॉडी हाच सांगाडा. तिथे दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा कुजला असेल तर वरचा रंग कितीही चमको, गाडी आतून आजारी आहे. मॅटखाली हात घालून बघा. लोहचुंबक फिरवा, जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

चौथं, कागद. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का? जुळत असेल तर किंमत वाढते; जुळत नसेल तर शहाणा गिऱ्हाईक परत फिरतो. जुनी बिलं, सर्व्हिसची वही, गाडी नवीन असतानाचा फोटो, हे सगळं एका फाइलमध्ये लावा. विम्यासाठीही ती उपयोगी पडते. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम तक्त्यावरून ठरत नाही, ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. फाइल नसेल तर कंपनी म्हणेल ती रक्कम.

आणि पाचवं, दुरुस्तीचा खर्च. पत्राकाम, रंग, इंजिनचं बोअरिंग, सीट, वायरिंग असं सगळं केलं तर विकताना तो पैसा बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. म्हणून ‘आधी चकचकीत करू, मग विकू’ हा बेत सहसा अंगाशी येतो. विकायचीच असेल तर आहे तशी, धुऊनपुसून, खरं सांगून विका.

आधी नाव, मग भाव

बहुतेक घरांत खरी अडचण वेगळीच निघते. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असते. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर अर्ज करायचा, असा नियम आहे. आपण घराचा सातबारा, बँकेची खाती सगळं बघतो आणि गाडी विसरतो. वर्षं गेली असतील तरी आधी वारसांची लेखी संमती घेऊन आरटीओत जा. नाव लागल्याशिवाय ना विंटेज नोंदणी, ना सरळ विक्री. भंगारात द्यायची असेल तरीही कागद पूर्ण करा, म्हणजे त्या नंबरावर उद्या काही घडलं तर ते तुमच्या दारात येणार नाही.

कुणाला विकायची हे ठरवताना चेन्नईत मद्रास हेरिटेज मोटरिंग क्लब, मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया अशा संस्थांमधल्या जाणत्यांना एकदा गाडी दाखवा. भंगारवाल्याचा भाव वजनावर असतो, त्यांचा गाडीवर.

तेव्हा मंडळी, बिल्डरने दिलेली तारीख जवळ असेल तर या रविवारी एवढं करा. कव्हर काढा, फोटो घ्या, दोन्ही नंबर वहीत उतरवा, आरसी बुक शोधा. आणि भाव ठरवण्याआधी आजीला विचारा. तिचं उत्तर कदाचित ‘विकून टाका’ असंच येईल. पण ते विचारल्यावर आलेलं असावं.