रागाचा पत्ता

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगाव मतदारसंघात काँग्रेसचे विश्वजित कदम मोठ्या फरकाने निवडून आले. दुसरा क्रमांक लागला तो ‘नोटा’चा. वीस हजारांहून अधिक माणसं रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि ‘वरीलपैकी एकही नाही’ असं सांगून घरी गेली. भाजप-शिवसेना युतीच्या जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली होती. त्या उमेदवाराला नोटाच्या निम्मीही मतं पडली नाहीत. त्याच निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्येही नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता.

पलूस-कडेगावचा हा आकडा माझ्या मनातून जात नाही, कारण कुंडल याच मतदारसंघात येतं. १९४३पासून पुढची सुमारे तीन वर्षं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या गावाच्या आधाराने चाललं, ते हे कुंडल. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळा साताराच होता. आमच्या कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ जून १९४३मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रजांची पगाराची रेल्वे लुटली, हे इथल्या जुन्या माणसांनी अभिमानाने सांगितलेलं आम्ही ऐकत आलो. पण लुटीपेक्षा मला प्रतिसरकारचा रोजचा कारभार मोठा वाटतो. गावोगावची न्यायदान मंडळं बांधाबंदिस्तीचे तंटे मिटवत, सावकाराला जाब विचारत, दारूचे गुत्ते बंद करत, कमी खर्चात गांधी पद्धतीने लग्नं लावत. गावगुंड आणि खबरे यांना कडक शिक्षा होत, इतक्या कडक की त्याबद्दल आजही दोन मतं आहेत. सरकार म्हणजे काय, हे ज्या मुलखाने स्वतः करून पाहिलं, त्याच मुलखात पाऊणशे वर्षांनी हजारो मतदार यंत्रापुढे उभे राहून एकही नको म्हणतात. हा तात्पुरता रुसवा आहे, असं मला वाटत नाही.

कराडजवळच्या आमच्या मलकापुरात ढेबेवाडी फाट्यावर, आगाशिवनगरच्या कट्ट्यांवर, दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांची वाट बघत बसलेल्यांच्या बोलण्यात, सगळीकडे गेली काही वर्षं एकच सूर आहे. “कुणालाबी द्या, जायचं ते तिकडंच जाणार.” हे म्हणणारी माणसं आळशी नाहीत. मतदानाला जातात, निकालाच्या दिवशी सकाळपासून मोबाईलला चिकटलेली असतात. त्यांना राजकारण कळतं, म्हणून तर ती चिडलेली आहेत.

चिडण्याची कारणंही साधी आहेत. २०१९मध्ये युती म्हणून मतं मागणारे निकालानंतर वेगळे झाले, २३ नोव्हेंबरच्या सकाळी एक सरकार आलं, पाच दिवसांनी दुसरं. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, २ जुलै २०२३ला राष्ट्रवादी. पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाचं, हे निवडणूक आयोगाने ठरवलं. कोण अपात्र, हे विधानसभा अध्यक्षांवर सोडलं गेलं. १९८५चा पक्षांतरबंदी कायदा आणि २००३ची दुरुस्ती जागेवरच होती, तरी पाच वर्षांत जवळपास सगळे पक्ष आलटून-पालटून सत्तेत बसले. या सगळ्यात ज्याच्या मताच्या जोरावर हे चाललं, त्याला एकदाही कुणी विचारलं नाही.

साताऱ्यात मात्र त्याला एकदा विचारलं गेलं होतं. मे २०१९मध्ये राष्ट्रवादीच्या तिकिटावर खासदार झालेले उदयनराजे भोसले सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. पावसात उभं राहून शरद पवारांनी केलेलं भाषण सगळ्यांना आठवतं. पण राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाण्याची वाट त्या वेळी घेतली गेली, ही गोष्ट मला भाषणाइतकीच महत्त्वाची वाटते. २०२४मध्ये तेच उदयनराजे भाजपच्या चिन्हावर जिंकले, तेही लोकांनीच निवडून दिले. आवडो न आवडो, दोन्ही वेळा मतदाराला विचारलं गेलं. सांगलीकरांनी २०२४मध्ये याच्याही पुढचं पाऊल टाकलं. काँग्रेसची म्हणवली जाणारी लोकसभेची जागा महाविकास आघाडीच्या वाटपात उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, तेव्हा विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखाच्या फरकाने जिंकले. पलूस-कडेगावात ज्या नाराजीने नोटा दाबला होता, तशाच नाराजीने इथे एक खासदार निवडून आणला.

आमच्या कराड दक्षिणेत तर पक्षावरचा विश्वास उडाला म्हणणंही अर्धवटच ठरेल, कारण इथे मुळात गट चालतो. विलासकाका उंडाळकर १९८०पासून सलग सात वेळा आमदार झाले ते गटाच्या बळावर. २०१४मध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्यांना हरवून आले, २०२४मध्ये अतुल भोसले यांनी चव्हाणांना एकोणचाळीस हजारांनी हरवलं. नव्या माणसाला आजही विचारतात, “कुणाच्या गटाचं?” गटाचे फायदे मी नाकारत नाही. कारखान्याची उसाची नोंद, बँकेचं कर्ज, मुलाचा प्रवेश, मध्यरात्री दवाखान्यात खाट, या सगळ्यांसाठी फोन करायला माणूस असतो. पण फोन करून मिळालेली गोष्ट उपकार म्हणून मिळते. उपकार घेतलेला माणूस रस्त्याच्या खड्ड्याबद्दल आवाज चढवून बोलू शकत नाही. सरकारी योजनांमधून आता आपण सगळेच ‘लाभार्थी’ झालो आहोत. खात्यात पैसे येणं गरीब घरासाठी मोठा आधार आहे, तो मिळायलाच हवा; पण हप्ता घेणाऱ्याने हिशेब मागायचा नसतो, अशी समजूत त्यासोबत रुजते, तिची मला भीती वाटते.

या भागाने मतदाराचा राग कामी आलेलाही पाहिला आहे. १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. साताऱ्यातून नाना पाटील लोकसभेत गेले. आणि कराडात खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण अगदी थोडक्या मतांनी वाचले. ज्या देवराष्ट्र्यात ते जन्मले, तेही आज पलूस-कडेगावातच आहे. यशवंतरावांनी तो निकाल ओळखला, दिल्लीला पटवलं आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. पुढच्या दोन वर्षांत जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्या रागाला पत्ता होता. कुणावर रागावलो, तो कुठे बसतो आणि पुढच्या खेपेला त्याला कुठे गाठायचं, हे लोकांना ठाऊक होतं. २०१९नंतरच्या रागाचा पत्ता हरवला आहे. ज्याच्या विरोधात मत दिलं, तो निकालानंतर आपल्याच उमेदवाराशेजारी बसलेला दिसतो.

म्हणून या काळातली सगळ्यात वाईट गोष्ट मला पक्षफूट वाटत नाही. मुंबईत आमदार कुठे गेले, हे वाचून माणूस चिडतो आणि कामाला लागतो. खरं नुकसान जिल्ह्यात आणि गावात झालं. ओबीसी आरक्षणाची आकडेवारी आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका अडकल्या आणि वर्षानुवर्षं अडकूनच राहिल्या. मुंबई महापालिकेत आणि सातारा जिल्हा परिषदेत मार्च २०२२पासून प्रशासक बसले. मलकापूर नगरपरिषदेची निवडणूक जानेवारी २०१९मध्ये झाली होती. पाच वर्षं संपली तशी इथेही लोकनियुक्त सभागृह राहिलं नाही. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं संविधानाचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि २ डिसेंबरला नगरपरिषदांचं मतदान झालं. एवढ्या काळात गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे? प्रशासक अधिकारी चांगलेही असतात, पण ते बदलीवर येतात आणि जातात. मत मागायला त्यांना दारात यायचं नसतं.

नगराध्यक्ष कोण निवडणार, याचीही अशीच धरसोड. २००१मध्ये थेट जनतेतून, २००६मध्ये नगरसेवकांतून, २०१६मध्ये पुन्हा जनतेतून, २०२०मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२मध्ये पुन्हा जनतेतून. २०१६पासून तर सरकार बदललं की नियम बदलला. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचंच दिलं गेलं.

आणि आता बिनविरोध. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये एक चांगला आदेश काढला होता. स्थानिक निवडणुकीत नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचं; त्याला सर्वाधिक मतं पडली, तर कुणालाही विजयी घोषित न करता पुन्हा निवडणूक घ्यायची. लोकसभा-विधानसभेच्या नोटाला अशी धार नाही. पण मतदानच झालं नाही, तर ही धार काय कामाची? जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकांत सत्ताधारी पक्षांचे साठाहून अधिक उमेदवार मतदानाआधीच निवडून आल्यात जमा झाले. एकटाच उमेदवार उरला, तरी त्याच्यासमोर नोटा ठेवून मतदान घ्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. खर्च होईल, होऊ द्या.

सरकारवर विश्वास बसतो कसा, याचं उत्तर मला माझ्या गावातच दिसतं. महाराष्ट्रातली कितीतरी शहरं दिवसाआड, चार दिवसांनी, आठवड्याने पाणी पितात. मलकापुरात चोवीस तास पाणी आहे आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने आखलेली ही योजना इथल्या छोट्या नगरपंचायतीने अंगावर घेतली. प्रत्येक नळाला मीटर बसला. कमी वापराला कमी दर, वापर वाढेल तसा दर चढता. सुरुवातीला गल्लोगल्ली कुरबुर होती. पाण्याला कुठं मीटर असतो का, असं माझी आईही म्हणायची. मग बायका हंडे, पिंपं भरून ठेवायचं विसरल्या. वरच्या मजल्यापर्यंत नळ चालू लागला, गळती शोधून काढता येऊ लागली, बिल भरणारे वाढले. योजनेला देशपातळीवर बक्षीस मिळालं, बाहेरगावचे अधिकारी बघायला येऊ लागले. योजना सुरू झाल्यापासून राज्यात आणि दिल्लीत किती सरकारं बदलली, गावात कोण कुणाच्या गटात गेलं, तरी नळ बंद पडला नाही. बिलावर आकडा असतो, चुकला तर भांडायला नगरपरिषदेची कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर असते.

आता मलकापूर वाढलं आहे. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी वस्ती पसरली, पाइपलाइनचं वय झालं. योजना वाढवायची तर कर्ज किती, नवा दर किती, काम कुणाला, हे निर्णय आताच्या सभागृहाला घ्यावे लागतील. खेड्यात निदान ग्रामसभा असते; शहरातल्या प्रभागाला तेवढीही जागा नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९मध्येच कायद्यात आली, पण ती कागदावरच राहिली. नगराध्यक्षांकडे आणि सगळ्या गटांच्या नगरसेवकांकडे माझी मागणी आहे, की पाण्याचा दर ठरवण्याआधी प्रत्येक प्रभागात लोकांना बोलवा, गळतीचा आणि थकबाकीचा आकडा मोठ्याने वाचून दाखवा, आणि लोक जे बोलतील ते इतिवृत्तात लिहून घ्या. कुणी बोलावण्याची वाट न बघता आगाशिवनगरात आम्ही काही शेजारी या महिन्यात पहिली बैठक घेतो आहोत. नगरसेवकांना निमंत्रण दिलं आहे.